बोटमामाचं सरफन्टरफ

पानात काय वाढलंय ते बोटमामा कधीच आधी सांगायचा नाही. "आधी खा, मग नाव विचार," हे त्याचं ठरलेलं वाक्य. माकूळ, म्हणजे स्क्विड, या नुसत्या नावानेच माझ्या बाबांच्या अंगावर काटा यायचा. त्यांना मामाने एका संध्याकाळी माकुळाच्या चकत्या बेसनात तळून कांदाभजी म्हणून खाऊ घातल्या. बाबांनी वर चहा घेतला, ढेकर दिला आणि "आज कांदा जरा चिवट होता," एवढंच म्हणाले. मामा मागच्या दारी जाऊन पोट धरून हसत होता. पुढच्या सुट्टीत त्यानेच ते गुपित फोडलं, तेव्हा बाबा आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

हा आईचा धाकटा भाऊ, पूर्णगडचा. मालवाहू बोटीवर कुक होता, म्हणून सगळ्यांचा बोटमामा. वर्षातले बरेचसे महिने तो पाण्यावर असायचा आणि उरलेले गावात. पण मामी त्याला घरच्या चुलीजवळ फिरकू द्यायची नाही. "बोटीवरचे प्रयोग बोटीवर करा, माझी भांडी जाळू नका," असं तिचं स्पष्ट म्हणणं होतं. त्यामुळे हात शिवशिवायला लागले की तो एसटी पकडून रत्नागिरीला आमच्याकडे यायचा. खांद्यावरच्या पिशवीत परदेशी साबणाच्या वड्या, चीजचा डबा आणि मिऱ्यांची बाटली असायची. शिवाय गप्पा. त्यातल्या किती खऱ्या हे विचारायची सोय नव्हती.

त्याच्या गप्पांत एक जेवण वारंवार यायचं. बोटीचा कप्तान खुशीत असला की ते मागवायचा म्हणे. एकाच ताटात शेवंड, म्हणजे लॉबस्टर, आणि मटण. मामा त्याला 'सरफन्टरफ' म्हणायचा.

"सर्फ?" आई म्हणाली. "अरे, ती तर कपडे धुवायची पावडर!"

"अक्का, सर्फ म्हणजे लाट आणि टर्फ म्हणजे गवत. पाण्यातलं आणि गवतातलं एका ताटात."

"शी! मासे आणि मटण एका जेवणात? पोटात भांडतील."

"पोटात भांडू देत. बाहेर नकोत म्हणजे झालं," मामा म्हणाला.

हे बाहेरचं भांडण खरोखरच आमच्या दारात येऊन उभं राहिलं, ते माझ्या लग्नाच्या वेळी. ऐंशीनंतरची ती वर्षं. मुलगा अलोऱ्याला, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत नोकरीला होता, पण घर कोल्हापूरकडचं. बघण्याचा कार्यक्रम झाला होता, आम्ही दोघं एकमेकांना पसंत होतो. राहिली होती फक्त मोठ्यांची बोलणी. त्यासाठी मुलाचे वडील, आबा, मुलाला घेऊन आमच्याकडे रविवारी जेवायला येणार होते. या आबांचा निरोप पुढे आला: "मासे करू नका. वास सोसत नाही. मटण करा."

बाबांना तो निरोप फार लागला. "रत्नागिरीत येऊन माणूस मासे खाणार नाही? मग आलाय कशाला?"

आई म्हणाली, "आणि कोल्हापूरच्या माणसाला मी मटण करून घालू? नावं ठेवायला आयतं कारण."

दोन दिवस घरात यावरून धुसफूस चालली होती. मी आतल्या आत रडकुंडीला आले होते. कारण बाबांचा स्वभाव मला ठाऊक होता. एका बांगड्यावरून ते लग्न मोडतील, अशी मला खरीच धास्ती होती. तेवढ्यात सुट्टीवर आलेला मामा हसत आत शिरला. "जेवण माझ्याकडे. भावोजी, तुमचा समुद्रही राहील आणि त्यांचा बकराही. तू काय गो तोंड पाडून बसलीस? जा, लसूण सोल."

रविवारी सकाळी पूर्णगडच्या गाडीने ओल्या गोणपाटात शेवंडं आली, जिवंत. मामाने मटणाच्या चापांना आलं, लसूण, हिरवी मिरची आणि आपल्या बाटलीतली मिरी चोळून ठेवली. मागच्या दारी निखारे फुलवले. आई दारात उभी राहून नाकाला पदर लावत होती आणि मध्येच वास घेण्यासाठी तो बाजूला करत होती.

पाहुणे आले. आबा उंचेपुरे, तालमीत मुरलेले, आणि मिशा अशा की बोलताना त्याच आधी हलायच्या. ते आणि त्यांचा मुलगा बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसले. मी चहाचा ट्रे घेऊन गेले आणि बघते तर आबा आपले दोन्ही पाय वर घेऊन बसलेले.

"काय ओ हे?"

सोफ्याखालून एक शेवंड बाहेर येत होतं. लांबच लांब मिशा फिरवत, सावकाश, जणू घर बघायला आलंय. गोणपाटातून एक निसटलंय हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आबा एव्हाना सोफ्यावर उभे राहिले होते. मी मामाला हाक मारली. तेवढ्यात मामा आतून धावत आला, त्याने शेवंड पाठीवर धरून उचललं आणि आबांकडे बघून म्हणाला, "घाबरू नका. हा वरपक्षाकडचाच दिसतोय. मिशा बघा ना."

 मुलाला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात दडपलं. बाबांनी डोळे मिटून घेतले. आबा सोफ्यावरून उतरले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "आमी घरी बोलवून चेष्टा करत न्हाई कुणाची. चल रं."

माझं लग्न त्या क्षणी मोडलं, असंच मला वाटलं. पण मामाचा आवाज बदलला. त्याने हात जोडले, एका हातात अजून ते शेवंड वळवळत होतं. "आबा, जीभ माझी वाईट आहे, पोरगी नाही. तुम्ही सांगितलं तसं मटण केलंय. दोन घास खा. नाही आवडलं तर मी स्वतः स्टँडवर सोडायला येतो."

मटणाचा वास तोवर खोलीत पोचला होता. आबा बसले.

ताटं आली. एका बाजूला निखाऱ्यावर भाजलेल्या चापा, दुसऱ्या बाजूला मधोमध चिरलेलं शेवंड, वर लोणी आणि लसूण, कडेला लिंबाची फोड, तांदळाची भाकरी. आबांच्या ताटात मात्र फक्त चापा. त्यांनी पहिली चाप चावली आणि मान हलवली. मग त्यांचं लक्ष मुलाकडे गेलं. तो कवचातून शेवंडाचा पांढराशुभ्र गर ओढून काढत होता आणि बापाकडे बघायचंसुद्धा विसरला होता.

"काय हाय ते?" आबांनी विचारलं.

"तुम्हाला नको," मामा म्हणाला. "वास येतो."

"येत न्हाई की."

"येईल, येईल. कोल्हापूरला पोचल्यावर येईल. तुम्ही चापा घ्या."

आबा पुन्हा चाप खाऊ लागले, पण नजर दुसरीकडेच. शेवटी ताट पुढे सरकवून म्हणाले, "वाढा म्हणतो न्हवं!" मामाने अगदी नाइलाज झाल्यासारखा चेहरा करून एक तुकडा वाढला. मग दुसरा. मग अख्खं अर्धं शेवंड. आबा बोटं चाटत म्हणाले, "हे मासं न्हवंच. हे काय तरी येगळंच हाय." आणि माझ्या मत्स्यप्रेमी बाबांनी, कुणाचं लक्ष नाही असं बघून, दुसऱ्यांदा चाप उचलली. जेवण उरकता उरकता लग्नाचा महिनाही ठरला.

पुढे मामाची आणि आबांची अशी गट्टी जमली की आम्ही बाजूलाच राहिलो. सुट्टी लागली की मामा कोल्हापूरला, आणि समुद्र शांत झाला की आबा पूर्णगडला. दोघं एकमेकांना मनसोक्त नावं ठेवत. आबांची जेवणाबाबतची जीभ फार कडक. बिघडलेलं ते कधी गोड मानून घेत नसत, मग वाढणारी सून असो की त्यांची स्वतःची बहीण.

मामाने बोट सोडली ती आजारपणामुळे. मी आणि आबा त्याला भेटायला पूर्णगडला गेलो तेव्हा तो अंगणात खुर्चीवर बसलेला, अर्धा झालेला. मी सुरमईचं कालवण केलं आणि वाटीत त्याला चाखायला दिलं.

"अळणी," तो म्हणाला.

मी मीठ घातलं. पुन्हा दिलं.

"अजून अळणी. अलोऱ्याला मीठ मिळत नाही काय गो?"

मी पुन्हा घातलं. मामी विहिरीवरून आली आणि हे बघून मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "अगो, त्यांना महिनाभर कशाचीच चव लागत नाहीये. डॉक्टर म्हणाले, औषधांनी गेली." मी वळून पाहिलं. मामा खुर्चीत हलून हलून हसत होता. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. मग ते डोळे त्याने बराच वेळ पुसले.

आम्ही जेवायला बसलो. पहिल्याच घासाला माझं तोंड वाकडं झालं. मामीने भात कालवला आणि हात थांबवला. मामा आबांकडे टक लावून बघत होता, पोराच्या उत्सुकतेने.

आबांनी घास गिळला. थोडं पाणी प्यायले. मग शांतपणे ताट माझ्यापुढे केलं.

"झकास झालंय," ते म्हणाले. "कालवण आन् भात, दोन्ही वाढ."