तिसरी रिंग

खोलीत शिरला की हरिओम आधी छताकडे बघायचा, मग चप्पल काढायचा. पलंग भिंतीपासून दोन हात लांब ठेवायचा. बिस्कीट चहात बुडवायचा नाही. मनासारखं काम झालं की टेबलावर नखानं एकदाच टकटक करायचा, दुसऱ्यांदा कधी नाही. आणि रोज सकाळी सहाला गच्चीच्या कठड्याशी उभा राहून किल्लारीला आईला फोन लावायचा. दोन रिंगा जाऊ द्यायचा. कट करायचा.

अकरमला हे सगळं पाठ होतं. लातुरात अकरमच्या घराच्या गच्चीवर जी खोली होती, तीत हरिओम चार वर्षं भाड्यानं राहिला. अकरम मराठी घेऊन बी.ए. झालेला. दोघं एकाच कोचिंग क्लासच्या ऑफिसात होते. पालकांना जाणाऱ्या निरोपांचा मजकूर अकरम लिहायचा आणि ते निरोप पोचवणारा प्रोग्रॅम हरिओम.

भूकंप झाला तेव्हा हरिओम चौदा महिन्यांचा होता. वडील आणि थोरली बहीण त्यात गेली. आई सिंधु त्याला पोटाशी धरून दुपारपर्यंत दगडमातीखाली होती. पुढं नव्या गावठाणात पक्कं घर मिळालं, पण ती आत झोपलीच नाही. पाऊस नसेल तेव्हा अंगणात, असेल तेव्हा ओसरीत. हरिओम इंजिनिअरिंगला नांदेडला गेला तेव्हापासून हे रिंगांचं ठरलं. दोन रिंगा म्हणजे रात्र सरली, पोरगं धड आहे. मग ती चूल पेटवायची. एकदा हॉस्टेलची लाइट गेली, फोन बंद पडला. साडेदहाला ती नांदेडात हॉस्टेलच्या फाटकाशी उभी होती, अनवाणी. त्यानंतर त्यानं एकही सकाळ चुकवली नाही.

क्लासला चार हजार मुलं. हदगावची, देगलूरची, कुठकुठली. सकाळी जे मूल येत नाही, त्याच्या नावाची चिठ्ठी कॉम्प्युटरात एका रांगेत जाऊन पडते. हरिओमचा प्रोग्रॅम त्या रांगेतली एकेक चिठ्ठी उचलतो आणि बापाच्या मोबाइलवर निरोप धाडतो: आपला पाल्य आज वर्गात आला नाही.

"हे बरोबर चाललंय का, ते बघायचं कसं? कुणाच्या तरी बापाला खरंच पाठवायचा का?" अकरमनं पहिल्यांदा विचारलं होतं.

"वेडा हायस का? त्या बापाचा जीव जाईल." हरिओमनं स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "निरोप पाठवणाऱ्याच्या जागी आपण एक नकली माणूस बसवायचा. त्याला मॉक म्हणतेत. तो पाठवत काहीच न्हाई. नुसता म्हणतो, हाव, पाठवला. अन् लिहून ठेवतो, मला कितीदा बोलावलं, कुठल्या नंबरासाठी बोलावलं. मग आपण त्याची वही तपासायची. हीच टेस्ट."

"म्हणजे खोटारड्याला साक्षीला उभं करायचं."

"तू साहित्याचा माणूस. नावं तूच ठेव."

तेव्हापासून टेस्टची नावं अकरम ठेवायचा, मराठीत. 'चिठ्ठी_दोनदा_आली_तरी_निरोप_एकदाच'. 'नंबर_नसेल_तर_चिठ्ठी_बाजूला'. क्लासचे मालक शिवमूर्ती सर ती वाचून हसले होते. म्हणाले, ह्या म्हणी आहेत का कोड?

हरिओमचा एक हट्ट होता. नुसता हो म्हणणारा मॉक त्याला चालायचा नाही. "सगळं नीट झाल्यावर काय होतं, हे कुणीबी तपासतंय. नकली माणसाला न्हाई म्हणायला शिकव, मग कळतंय प्रोग्रॅम काय लायकीचा हाय."

सप्टेंबरात त्याला ताप आला. तिसऱ्या दिवशी डेंग्यू निघाला. अकरमनं त्याला दवाखान्यात भरती केलं. वॉर्डातसुद्धा त्यानं आधी छताकडे पाहिलं.

"मावशीला फोन लावू?" अकरमनं विचारलं.

"नको. ती पळत येईल. दोन दिसाचा प्रश्न हाय." हरिओमनं आपला फोन त्याच्या हातात दिला. "सकाळी सहाला दोन रिंगा दे अन् कट कर. बास."

"उचलला तर?"

"उचलत न्हाई. नऊ वर्षांत उचलला न्हाई."

"म्हणजे मी तुझा मॉक."

"हाव. नुसता हो म्हणणारा. लई बेकार मॉक." तो हसला. हसताना त्याच्या हिरड्यांतून रक्त आलं. दोघांनीही ते पाहिलं.

बुधवारी अकरमनं दोन रिंगा दिल्या. गुरुवारी दिल्या. गुरुवारी दुपारी हरिओमला आयसीयूत हलवलं. शुक्रवारी सकाळी अकरमनं बाहेरच्या बाकावरून दोन रिंगा दिल्या. हरिओम आत होता, शुद्धीत नव्हता, आणि किल्लारीत चूल पेटली.

शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, घरचं कुणी असेल तर बोलावून घ्या.

अकरमच्या अब्बांनी, नजीरभाईंनी, सरळ सांगितलं, "बेटा, आत्ताच्या आत्ता फोन लाव. मायपासून लेकरू लपवायचं नसतं."

"सकाळी लावतो, अब्बा. आत्ता सांगितलं तर त्या रात्रभर कशा राहतील?"

त्यानं ठरवलं होतं, उद्या दोन रिंगांवर थांबायचं नाही. त्या उचलतील तोवर वाजू द्यायचं. किल्लारीहून जीपनं सव्वा तास. आठपर्यंत पोचतील.

शनिवारी सहाला त्यानं फोन लावला. एक रिंग गेली. दुसरी गेली. काय बोलायचं ते त्यानं मनात जुळवून ठेवलं होतं, तीनच वाक्यं. आणि त्याच्या अंगठ्यानं फोन कट केला. सातला पुन्हा लावू, असं त्यानं स्वतःला सांगितलं. सातला त्यानं लावला नाही.

आठ वाजून चाळीस मिनिटांनी हरिओम गेला.

फोन मग नजीरभाईंनी लावला, किल्लारीत मावशींच्या शेजारच्या किशनरावांना. अकराच्या सुमाराला जीप दवाखान्याच्या दारात आली. सिंधुमावशी उतरल्या. पायांत चप्पल होती, एक स्वतःची, एक कुणाची तरी. आत जाऊन त्यांनी लेकाला पाहिलं. बराच वेळ त्या आतच होत्या. बाहेर आल्या आणि अकरमच्या शेजारी बाकावर बसल्या.

"सकाळी रिंग आली होती की," त्या म्हणाल्या.

"मी दिली होती, मावशी."

"काल?"

"काल पण मीच. बुधवारपासून."

त्या रागावल्या नाहीत. अकरमला ते त्यांच्या रागापेक्षा जड गेलं.

"दोनच दिल्यास," त्या म्हणाल्या. "तिसरी गेली की मी उचलणार, असं ठरलं होतं आमचं. तिसरी म्हणजे, माय, निघ. त्यानं सांगितलं न्हाई तुला?"

"न्हाई."

"तिसऱ्या रिंगंसाठी रोज हात फोनवर ठेवून बसते मी. नऊ वर्षं झाली." त्यांनी उजवा हात मांडीवर उलटा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. "तो सांगणार न्हाई. त्याला वाटलं असंल, लागणारच न्हाई."

अंत्यविधी किल्लारीत झाला. अकरमनं खांदा दिला. परत येताना तो जीपच्या मागच्या फळीवर बसला होता. शनिवारी अंगठा अर्धा क्षण थांबला असता तर, हे तेव्हा त्याच्या मनात आलं. तेव्हापासून ते गेलेलं नाही.

पंधरा दिवसांनी शिवमूर्ती सरांनी त्याला हरिओमचा कॉम्प्युटर उघडायला सांगितलं. नवीन मुलगा कामावर यायचा होता. काय झालंय, काय राहिलंय, याची यादी हवी होती. अकरमनं टेस्टची फाइल उघडली. एकोणचाळीस टेस्ट पूर्ण होत्या. सगळ्यांची नावं त्यानं स्वतः ठेवलेली होती.

चाळिसावीचं नाव हरिओमनंच ठेवलं होतं. ताप आला त्या दिवशीची तारीख होती. 'पलीकडून_उत्तर_आलं_नाही_तर'. त्याखाली कोड नव्हता, स्वतःसाठी लिहून ठेवलेली एक ओळ होती: इथं मॉकला नाही म्हणायला लावायचं, मग बघू आपण काय करतो.

अकरमनं कागदावर लिहिलं: एकोणचाळीस झाल्या. एक राहिली.