खंडेनवमीची लाल गाडी

रघुवीर घाडीला गिरणीत सगळे तेलवाला म्हणत. सूत कातण्याच्या खात्यात त्याने बावीस वर्षं एकच काम केलं, यंत्रांना तेल घालायचं. एका यंत्रावर चारशे चात्या. चाती म्हणजे सुताला पीळ देत फिरणारी उभी सळी. अशी चोवीस यंत्रं त्याच्याकडे होती. लांब चोचीची बुधली घेऊन तो पाळीभर वाकलेला असायचा. थेंब कमी पडला तर चाती तापते आणि जास्त पडला तर सुताला डाग लागतो. बावीस वर्षांत त्याच्या यंत्रांवरचं डागाळलेलं सूत तपासनिसाकडे दोनदाच गेलं. दोन्ही तारखा त्याला पाठ होत्या.

खात्याची एक रीत होती. खंडेनवमीला यंत्रांना झेंडूची माळ पडायची, पण आदल्या दिवशी प्रत्येक फिरत्या भागाला तेल मिळालेलं असायचं. कोरड्या यंत्राची पूजा करायची नाही, असं जुना जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, सांगून गेला होता. ते काम रघुवीरचं. माळ घालायला कोणीही चालायचा, तेलाला तोच लागायचा.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. शेवटच्या पाळीला रघुवीरने बुधली पुसली आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवली. आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे असंच सगळे धरून चालले होते. पुढे काय झालं ते लालबागला कोणी कोणाला सांगत बसत नाही. त्याची बायको सुभद्रा हिने खोलीत खानावळ घातली. रघुवीर पाच महिने कणकवलीकडे गावी राहिला, भावाच्या शेतात राबला आणि परत आला.

दीड वर्षाने गिरणीने थोडी माणसं परत घ्यायला सुरुवात केली. रघुवीर फॉर्म भरायला आत गेला. ऑफिसची वाट त्याच्या खात्यावरून जात होती. दार उघडंच होतं. त्याने जवळच्या चातीला बोट लावलं. फिरली नाही. दुसरीला लावलं, तीही जाम. बोटाला तांबडा गंज लागला. ऑफिसातल्या कारकुनाने तेलवाल्याची जागा भरायची नाही म्हणून सांगितलं. घरी आल्यावर सुभद्रेने विचारलं, तेव्हा त्याने एवढंच सांगितलं, "सुकवून मारली गो सगळी."

ती समजली माणसांबद्दल बोलतोय. तो यंत्रांबद्दल बोलत होता.

चौऱ्याऐंशीत त्याला ठाकूरद्वारला काम मिळालं. नाना धैर्यवानांचं चष्म्याचं दुकान. काम होतं काचा घासायचं. काच फ्रेममध्ये बसेल अशी कड फिरत्या ओल्या दगडावर हाताने घासून काढायची. दगडाचा आवाज ऐकून रघुवीरने पहिल्याच दिवशी सांगितलं, "नाना, ह्याचं बेअरिंग कोरडं आहे."

"गेल्या वर्षी तेल घातलंय रे."

"गेल्या वर्षी तुम्ही जेवला होतात, म्हणून आज डबा आणला नाहीत?"

नाना हसले आणि शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणायला त्यांनी पैसे दिले. तेव्हापासून ती बाटली रघुवीरच्या ताब्यात.

दुकानाच्या काचेच्या कपाटात चष्म्यांच्या वर आठ छोट्या मोटारगाड्या होत्या. खेळण्यातल्या नव्हेत. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या, जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती. सुट्या भागांचे खोके परदेशातून यायचे आणि नाना एकेक भाग कापून, घासून, चिकटवून, रंगवून गाडी उभी करायचे. रस्त्याने जाणारी माणसं गाड्या बघायला थांबत आणि मग चष्म्याची चौकशी करत. पण एक्याऐंशीत नानांना अर्धांगाचा हलका झटका आला आणि त्यांचा उजवा हात थरथरू लागला. तीन खोके तसेच राहिले.

एका दुपारी नाना चिमट्यात तांदळाएवढा आरसा धरून बसले होते. आरसा गाडीच्या जवळ जायचा आणि लांब यायचा. रघुवीरने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "द्या इकडे."

आरसा बसला. नानांनी तिकडे बघितलं नाही, रघुवीरच्या हाताकडे बघितलं.

"गोंद किती लावलास?"

"थेंबाचा चौथा हिस्सा."

"थेंब कुठे तोडता येतो, घाडी?"

"बावीस वर्षं दुसरं काय केलं?"

पहिले दोन खोके त्याने दीड वर्षात संपवले. सूचनांचा कागद इंग्रजी होता, पण चित्रांवर आकडे होते आणि आकड्यांना भाषा लागत नाही. नाना तोंडाने शिकवायचे. हा गोंद प्लास्टिक वितळवून जोडतो, म्हणून ओल पुरे, थेंब नको. रंगाचे थर पातळ दे, प्रत्येक थर सुकला की पाण्यातल्या पॉलिश पेपरने हलकं घास. रॉकेल-पेट्रोल प्लास्टिकजवळ आणू नकोस. रघुवीरने ते ऐकलं. रॉकेल जाळायला असतं, हे त्याला ठाऊकच होतं.

त्याने स्वतःच्याही गोष्टी घातल्या. इंजिनाच्या प्लगच्या वायरी खोक्यात नसत. त्या त्याने सुताच्या केल्या. वीस नंबरचं सूत बारीक दिसलं, दहा नंबरचं माफक बसलं. सुताची लव ज्योतीवरून झटकन फिरवून जाळली आणि मेण लावलं. रंगवलेली गाडी तो सुकायला घरी न्यायचा, कारण दुकानात काचेची पूड उडायची. घरी धूळ बसू नये म्हणून गाडीवर टोप पालथा घालायचा.

"माजो पेजेचो टोप खंय?" सुभद्रा ओरडायची.

"गाडीवर आहे. उचलू नको, सुकायचीय."

"मगे पेज काय गाडयेत शिजवू? सात जणां जेवूक येतली. तेंका काय सांगू, घोवान टोपाखाली मोटार उबवूक ठेवल्यान?"

शेवटी तिने त्याला गळका टोप दिला. तो गाड्यांचा टोप झाला.

तिसरा खोका वेगळा होता. नानांचा धाकटा भाऊ वसंत बोटीवर इंजिनीअर होता. एकाहत्तरमध्ये त्याने विलायतेहून लाल जग्वारचा खोका आणला. लांब नाकाची, तारांच्या चाकांची, ई-टाइप म्हणतात ती गाडी. पुढच्या फेरीहून आलो की दोघं मिळून करू, असं सांगून तो गेला. पुढच्या फेरीत तो परदेशातल्या इस्पितळात तापाने वारला. खोका चौदा वर्षं बंद होता. नानांनी वसंताचा एक फोटोही जपला होता, कुठल्याशा बंदरात तशाच गाडीला टेकून उभा असलेला.

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर नानांनी खोका रघुवीरच्या पुढे ठेवला. म्हणाले, "असा दुसरा मिळत नाही. पत्र टाकून विचारलं मी. बनवायचे बंद झालेत."

"मग मला कशाला देता?"

"माझ्या हाताला देऊ?"

रघुवीरने अकरा महिने घेतले. लाल रंगाचे नऊ थर दिले. काचेच्या चौकटीला चॉकलेटची चांदी घासून लावली. आतली गादी चष्म्याच्या डबीतल्या मखमलीची केली. खंडेनवमीच्या आधी गाडी पुरी झाली. नानांनी ठरवलं, ह्या वर्षी दगडाबरोबर गाडीचीही पूजा करायची.

आदल्या दिवशी सगळी आवराआवर झाल्यावर रघुवीरने दगडाच्या बेअरिंगला तेल घातलं. मग गाडी उपडी केली. चार चाकं, चार आस. कोरडी. त्याने सुईच्या टोकावर तेल घेतलं आणि प्रत्येक आसाला लावलं. थेंबाचा चौथा हिस्सा. चाक फिरवून बघितलं. गुळगुळीत फिरलं. बाटलीचं बूच लावताना तो खूश होता.

पूजा झाली, झेंडूची एक पाकळी गाडीच्या नाकावर राहिली, गाडी कपाटात गेली. त्या कपाटावर दुपारी ऊन येतं.

नवव्या दिवशी रघुवीरने काच पुसायला कपाट उघडलं तेव्हा गाडी पुढून कललेली दिसली. डावं चाक आडवं पडलं होतं. त्याने ते उचललं. मधोमध, जिथे आस बसतो तिथे, केसासारख्या पांढऱ्या भेगा गेल्या होत्या आणि प्लास्टिकच्या तारा काडीसारख्या तुटल्या होत्या. उजव्या चाकालाही भेगा होत्या. चाकावरच्या कमानीच्या लाल रंगाला नखाएवढा फुगा आला होता. त्याने बोट लावलं. बोट तेलकट झालं.

त्याला एका क्षणात कळलं. रॉकेल काय, पेट्रोल काय आणि मशीनचं तेल काय, सगळी एकाच कुळातली. गिरणीत सगळं लोखंडच होतं, त्यामुळे हा विचार करायची वेळ कधी आली नव्हती.

नाना मागून आले. त्यांनी चाक हातात घेतलं. हात थरथरत होता, त्यामुळे चाक त्यांच्या तळव्यावर हलत राहिलं.

"पंधरा वर्षांचं प्लास्टिक," नाना शेवटी म्हणाले. "आतून सडलेलं असणार. तू तरी काय करणार?"

बोलायची गरज नव्हती. नानांनीच सुटकेचं दार उघडून दिलं होतं, रघुवीरने नुसतं बाहेर पडायचं होतं. त्याने फडक्याला बोट पुसलं.

"प्लास्टिकला दोष नाही, नाना. मी तेल घातलं."

"कुठे?"

"आसांना. पूजेच्या आदल्या दिवशी. चारही."

"तुला सांगितलं होतं..."

"रॉकेलचं सांगितलं होतंत. मशीनचं तेल मला रॉकेलासारखं वाटलं नाही. चूक माझी."

नाना आत जाऊन बसले. त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांना रघुवीरनेच फ्रेमी दाखवल्या. संध्याकाळी शटर ओढताना नाना एवढंच म्हणाले, "वसंता असता तर तुला त्याने बोटीवरून ढकलला असता."

"पोहता येतं मला. मालवणी आहे."

नाना हसले नाहीत.

आठवड्यात मागची दोन चाकंही गेली. रघुवीरने गाडीचं सगळं तेल साबणाच्या पाण्याने काढलं, फुगलेला रंग खरवडला आणि तिथे पुन्हा नऊ थर दिले. खरी अडचण चाकांची होती. ती बाजारात मिळणार नव्हती, म्हणजे करायची. नानांच्या डोळ्याला लावायच्या भिंगाने त्याने वसंताच्या फोटोतलं चाक मोजलं. तीन दिवस मोजलं, कारण तारा एकमेकींवरून जातात आणि त्यांतल्या अर्ध्या वसंताच्या पायामागे होत्या. दिसतील तेवढ्या मोजून दुप्पट केल्या. बहात्तर निघाल्या.

"अरे, चाळीस कर," नाना म्हणाले. त्या दिवसानंतर गाडीबद्दल ते पहिल्यांदाच बोलले. "एवढ्याशा चाकात कोण मोजणार आहे?"

"तुम्ही. काल भिंग घेऊन काय करत होतात?"

मोडक्या चष्म्यांच्या बिजागऱ्यांत पितळेची बारीक नळी असते. चार नळ्या कापून त्याने चाकांचे मध्य केले. आता आसाला प्लास्टिक लागणार नव्हतं, धातूवर धातू फिरणार होता. प्रत्येक चाकाची प्लास्टिकची बाहेरची कडी शाबूत होती. तिला तापलेल्या सुईने बहात्तर भोकं पाडली. तारा विजेच्या वायरीतल्या, केसाएवढ्या तांब्याच्या. एक तार ओवायची, ताणायची, कापायची, मग दुसरी. ताण कमी-जास्त झाला की कडी वाकडी व्हायची आणि सगळं उसवून पुन्हा. पहिल्या चाकाला अडीच महिने लागले आणि ते त्याने फेकून दिलं, कारण डुगडुगत होतं. कडी फुटली नव्हती, ती उचलून पुन्हा घेतली. दुसऱ्या खेपेला सहा आठवडे. चौथं चाक तीन आठवड्यांत झालं. मोठी गोष्ट काही नाही. हात बसला की वेळ वाचतो.

"चार चाकां झाली?" सुभद्रेने एकदा विचारलं.

"तीन."

"ह्या वेळात तुमी खऱ्ये गाडयेची केल्यात असती."

"खऱ्या गाडीची सोपी असतात."

पुढची खंडेनवमी आली. आदल्या दिवशी रघुवीरने दगडाला तेल घातलं, हात साबणाने दोनदा धुतले आणि गाडी उपडी केली. नाना खुर्ची ओढून समोर बसले. ह्या वेळी ते बघायला आले होते, हे उघड होतं.

"कोरडीच ठेवणार?" नाना म्हणाले. "पितळ आहे आता, घातलंस तरी चालेल ना?"

"पितळेवरून ओघळून कडीला गेलं तर?"

"मग तुमच्या गिरणीची रीत?"

रघुवीरने खिशातून पेन्सिल काढली, साधी, नानांच्याच गल्ल्यावरची. ब्लेडने शिसं खरवडून कागदावर पूड केली आणि सुईच्या टोकाने एकेका नळीत घातली. गावाकडे जाम कुलपाला हीच घालतात. वर्षभरात चार चाकं करताना हे त्याला कधीतरी सुचलं होतं. त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

"फिरवा," तो म्हणाला.

"मी? हात बघतोस ना माझा."

"फिरवायलाच सांगतोय, पकडायला नाही."

नानांनी बोट पुढे केलं. बोट थरथरत चाकाला लागलं आणि चाक सुटलं. बहात्तर तारा एक होऊन गेल्या. रघुवीरने कान जवळ नेला. गिरणीत बावीस वर्षं तो यंत्रांजवळ तसाच नेत आला होता. आवाज नव्हता. चाक फिरत फिरत मंद झालं, तारा पुन्हा वेगळ्या दिसू लागल्या आणि ते थांबलं.

"पुढचं," नाना म्हणाले आणि त्यांनी स्वतःच दुसऱ्या चाकाला बोट लावलं.

चारही झाली. मग नानांनी उठून कपाटाची खालची फळी रिकामी केली, जिथे ऊन येत नाही. दुसऱ्या दिवशी पूजेनंतर गाडी तिथे गेली. शेजारी वसंताचा फोटो ठेवला, आणि फोटोपुढे पेन्सिल. पेन्सिल कशाला, असं गिऱ्हाईक विचारत. नाना सांगत, "ते आमच्या घाडीला विचारा." घाडी दगडावर वाकलेला असे. तो वर न बघता म्हणे, "तेलाच्या जागी आहे ती."