चाचांचा फुगा

बोकडाचं मूत्राशय खिडकीतल्या उन्हात धरून चाचा असं निरखायचे, की शहागंजातला एखादा जवाहिऱ्या खडा पारखतोय असं वाटावं. आधी एक डोळा मिटून, मग दुसरा. मग फुंकर मारून ते फुगवायचे आणि गालाजवळ धरून वारा कुठून निसटतो का ते बघायचे. सगळं मनासारखं झालं की स्वतःशीच म्हणायचे, "पास."

औरंगाबादेतल्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळेचे शिपाई होते. पोरं त्यांना फुगेवाले चाचा म्हणत. निजामाच्या राजवटीतली शाळा, शिकवणं उर्दूतून. पेशीला आम्ही 'खलिया' म्हणायचो. मी तिथं नवा विज्ञानमास्तर. पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी जातं पण साखर जात नाही, हे पोरांना दाखवायचं तर तसा पडदा लागायचा. तो चाचा खाटकाकडून आणून, मीठ लावून, सात पाण्यांत धुऊन तयार करायचे. त्याचा तुकडा काचेच्या नरसाळ्याच्या तोंडावर ताणून दोऱ्यानं आवळायचे. मी नरसाळ्यात लाल रंग घातलेला साखरेचा पाक ओतायचो आणि ते साध्या पाण्याच्या बरणीत उलटं उभं करायचो. बाहेरचं पाणी आत शिरायचं आणि वरच्या नळीत लाल रेघ चढू लागायची.

त्या फुग्याला मी कधी हात लावला नाही. घरचे संस्कार. चाचांना ते पहिल्याच दिवशी समजलं होतं. "मास्तरसाब, तुम्ही लांबच उभे राहा. पुस्तक तुमचं, चमडी माझी," असं म्हणून ते हसायचे.

शिकवायची त्यांना भारी हौस. मी वर्गाबाहेर गेलो की पोरांना सांगायचे, "खलिया म्हणजे घर. दारात दरबान बसलाय. पाणी आलं, तो म्हणतो, जा बाबा. शक्कर आली, म्हणतो, तू मोठी बाई, इथंच बस." मी दाराआड उभा राहून ऐकायचो. माझा अर्ध्या तासाचा धडा त्यांनी चार वाक्यांत आटोपलेला असायचा. मला ते थोडं लागायचंही. हे आज कबूल करतो.

एकदा शिक्षणखात्याचे तपासणीसाहेब यायचे होते. त्या सकाळी पाक मीच केला. चाचा नरसाळ्याला पडदा आवळून ठेवून पाहुण्यांच्या खुर्च्या लावायला गेले होते. टेबलावर सारख्याच दोन बाटल्या, एकीत पाक, दुसरीत पाणी. मधेच हेडमास्तरांनी बोलावलं. परत येऊन घाईघाईत मी लाल रंग एकीत टाकला, ती नरसाळ्यात ओतली आणि दुसरी बरणीत.

साहेब आले. मी झोकात सांगितलं, "आता रेघ वर चढेल." सगळे नळीकडे बघत राहिले. रेघ खाली उतरू लागली. बोटभर, मग दोन बोटं.

साहेबांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी माझ्याकडे. मी म्हणालो, "पडद्याला भोक असावं. ते काम शिपायाकडं असतं."

सगळे गेल्यावर मी बरणीत बोट बुडवून जिभेला लावलं. गोडमिट्ट. पाक बाहेर होता, पाणी आत. पडद्यानं आपलं काम चोख केलं होतं, पाण्याला साखरेकडं जाऊ दिलं होतं. उलटं भरलं होतं मी. मी सगळं मोरीत ओतलं, दोरा तोडला आणि तो पडदा मागच्या उकिरड्यात नेऊन टाकला. चाचांच्या फुग्याला मी पहिल्यांदा हात लावला, तो असा.

चाचा धावत आले. "भोक कुठं होतं साब? दाखवा ना जरा."

"टाकून दिलं."

"बरं." त्यांनी रिकामी बरणी उचलून उजेडात धरली. "पण साब, भोक असतं तर बाहेरचं पाणी लाल झालं असतं. मी दारातून बघत होतो. लाल नाय झालं."

इतका साधा मुद्दा माझ्या एकाही विद्यार्थ्यानं कधी काढला नव्हता. मी म्हणालो, "झालं होतं. तुम्हाला दिसलं नाही. डोळे तपासून घ्या चाचा."

आठवड्याभरात, पडद्याचं भोक दिसलं नाही म्हणून 'नजर अधू' असा शेरा लिहून हेडमास्तरांनी त्यांना प्रयोगशाळेतून काढलं आणि पाण्याच्या रांजणांवर बसवलं. ते भांडले नाहीत. पोरं मुद्दाम रांजणापाशी रेंगाळायची, पण खलियाची गोष्ट त्यांनी पुन्हा कुणाला सांगितली नाही. विचारलं की म्हणायचे, "ते मास्तरसाबला विचारा. मला बारीक दिसत नाय आता."

चाचा नोकरीतून सुटून घरी बसल्यावर काही वर्षांनी ते आजारी असल्याचं कळलं. सगळं सांगून टाकायचं असं ठरवून मी गेलो. सुनेनं चहा आणला. मी कप उचलला, तसे ते खाटेवरून म्हणाले, "थांबा साब, मुंगी आहे." कपाच्या कडेला खरंच एक मुंगी होती, सुईच्या टोकाएवढी. मला दिसली नव्हती.

सून हसली. "अब्बाला सगळं दिसतं. पण घरात सुईत धागासुद्धा ओवत नाहीत. म्हणतात, माझ्या डोळ्यांवर भरोसा नको."

ती आत गेली. चाचा हळूच म्हणाले, "एक विचारू? राग नका मानू. त्या दिवशी पाणी खरंच लाल झालं होतं?"

मी तेवढ्यासाठीच गेलो होतो. वाक्य तयार होतं, वाटेत चारदा मनात म्हटलं होतं. ते माझ्याकडे बघत होते, त्या चांगल्या, धडधाकट डोळ्यांनी.

"हो चाचा," मी म्हणालो. "झालं होतं."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मग ठीक. इतकी वर्षं मनात तुमच्यावर शक घेत होतो. गुनाह झाला माझा. माफ करा."

आणि मी माफ केलं.