मागची पायरी

ते प्रकरण अजूनही मनातून जात नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. एक जुनाट पिकअप चोरीला गेली होती. मी तेव्हा कन्हानजवळच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. सत्तरीचा एक म्हातारा फिर्याद द्यायला आला. गाडी इतकी जुनी, की ठाणे अंमलदाराने त्याला भंगारवाल्यांकडे विचारून यायला सांगितलं. म्हातारा बाकावरून हलेना. शेवटी मीच त्याला आत बोलावलं.

गाडीची काही खूण आहे का, असं विचारताच त्याचा चेहरा उजळला. बायकोचे गुडघे दुखायचे, म्हणून मागच्या फाळक्याखाली त्याने एक बुटकी लोखंडी पायरी वेल्डिंग करून बसवली होती. दर दसऱ्याला वस्तीतली माणसं घेऊन गाडी दीक्षाभूमीला जायची, आणि पांढऱ्या लुगड्यातली त्याची बायको सगळ्यांत आधी चढायची. ती वारल्याला वर्षही झालं नव्हतं. तेव्हापासून गाडी अंगणात बंदच होती. तो रोज सकाळी ती पुसायचा आणि त्याच पायरीवर बसून चहा प्यायचा. गाडी चालू नसली तरी चालेल, पण परत आणून द्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

म्हातारा रामटेकला गेला असताना भरदिवसा कोणीतरी बंद गाडी ओढून नेली आणि एकाही शेजाऱ्याने हटकलं नाही, हे मला खटकलं होतं. अनोळखी माणसाला वस्तीत कोणी असं सोडत नाही.

काही दिवसांनी खबऱ्याने सांगितलं, की कामठी रोडच्या एका गॅरेजमध्ये जुन्या पिकअपची बॉडी नव्याने बांधणं चाललंय. जाऊन पाहिलं तर गाडीचा नवरदेव झाला होता. गंजका पत्रा कापून सागवानी फळ्या बसवलेल्या, रुंद टायर, चकचकीत बंपर, वर लाल रंग. लग्नाच्या एका लॉनच्या मालकाने ती नवरा-नवरीच्या फोटोंसाठी घेतली होती. इंजिन केव्हाच बदललेलं, चेसिसचा नंबर गंजाने खाल्लेला. मागची पायरी मात्र जागेवर होती. फोटोत ती वाईट दिसेल म्हणून कापायची आहे, असं मिस्त्री म्हणाला. गाडी कोणी विकली, हेही त्याने सांगितलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा! विकणारा म्हाताऱ्याचा मुलगाच होता.

मुलगा चौकशीत आधी साफ नाकबूल गेला. हवालदार आवाज चढवू लागला. मी त्याला बाहेर पाठवलं आणि चहा मागवला. रडायचं राहून गेलेला माणूस दरडावल्याने बोलत नाही, हे मी नोकरीत शिकलो होतो.

"माय त्याच गाडीत गेली, साहेब," मुलगा म्हणाला. "दवाखान्यात नेऊन राहिलो होतो, पुलावर बंद पडली. बाबा चाबी फिरवत होते, मी मांगून धकलत होतो. आता बाबा रोज तिले पुसतात, अन् मले रोज तो पूल दिसते."

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही. आता सगळं म्हाताऱ्याच्या ओळखीवर अडलं होतं. त्याने गाडी ओळखली की गाडी त्याला मिळणार आणि मुलावर गुन्हा उभा राहणार. मी दोन्ही गोष्टी त्याला समजावून सांगितल्या. मुलगा पुलाबद्दल काय बोलला, तेही सांगितलं.

पंचांसमोर तो गाडीभोवती फिरला. मागे येऊन खाली बसला आणि पायरीवरून तळवा फिरवत राहिला, रोज पुसायची सवय असल्यासारखा. त्याचे डोळे भरले होते. मग उठून म्हणाला, "हे माही गाडी नाई, साहेब."

"काका, नीट पाहा."

"पाह्यलं. नाई माही."

हवालदार खोट्या फिर्यादीची भाषा करू लागला. मी त्याला गप्प केलं. पंचनाम्यात म्हातारा बोलला तेच लिहिलं आणि गुन्हा खरा पण तपास लागला नाही, म्हणून पुढे कोर्टात ए समरीचा अहवाल पाठवला. त्या दिवशी पंचनाम्यावर अंगठा उमटवून म्हातारा दारापर्यंत गेला आणि वळला.

"मिस्त्रीले सांगजा, पायरी कापू नोको म्हनाव. कोनी म्हातारी बाई आली तं तिले चढाले पायजे."

बाहेर मुलगा मोटरसायकल घेऊन उभा होता. म्हातारा मागे बसला. मला फार वाईट वाटलं. एकाच बाईसाठी दोघं झुरत होते, आणि ती गाडी एकाला हवी होती, दुसऱ्याला बघवत नव्हती.

माणसांना खरं बोलायला लावण्यात माझी सारी नोकरी सरली. खोटं बोलायलाही कधी काळजावर दगड ठेवावा लागतो, हे या प्रकरणाने शिकवलं. निवृत्तीनंतर लग्नसराईत त्या लॉनवर जाणं होतं. गाडी दिव्यांनी सजलेली असते आणि नवरी लुगडं सावरत त्याच पायरीवरून चढते. गाडीचा इतिहास कौतुकाने विचारणाऱ्यांना मालक काहीबाही सांगत असतो. मी जेवून निघून येतो, कारण ती गाडी म्हाताऱ्याची नाही हे मीच लिहून दिलं आहे.