कोसा फुटला

मायच्या माहेरी, उमरेडला, 'कोसा फुटला' हे वाक्य कोणी हसत म्हणत नसे. घर विणकरांचं. कोसा म्हणजे टसर रेशीम, आणि ज्या टणक, भुऱ्या कोशातून ते निघतं त्यालाही तिथे कोसाच म्हणतात. आतल्या किड्याचा पतंग होऊन तो बाहेर पडला की कोशाला भोक पडतं, सलग धागा निघत नाही, माल वाया जातो. म्हणून त्याआधीच कोसे उकळायचे. लग्न होईस्तोवर माय उकळलेल्या कोशांचा धागा मांडीवर वळत आली. घासून घासून गुळगुळीत झालेला मांडीवरचा तो पट्टा मी लहानपणी बोटांनी चाचपून पाहत असे. तिने आयुष्यात किडे ढिगाने पाहिले, पण सगळे शिजलेले. उडणारा एकही नाही.

आता ती माझ्याजवळ, नागपूरच्या बेसा भागात राहते. घरात आम्ही दोघीच. पुढे छोटंसं अंगण आणि अंगणात एक देशी बदाम, ज्याची पानं शेजाऱ्यांच्या गाडीवर पडतात आणि ज्यावरून मी निदान वर्षातून एकदा भांडते.

रविवारी सकाळी मी स्कूटी काढून शहराच्या जुन्या भागात जाते. तिथे भोसल्यांच्या काळातली एक बाग आहे. दगडी कारंजं कधीचंच कोरडं पडलंय, पण झाडं मात्र जोरात आहेत. लोक तिथे वजन उतरवायला येतात. मी पाहायला येते. थंडी सरताना काटेसावर फुलते आणि साळुंक्या तिच्यावर बाजार भरवतात, उन्हाळ्यात बहावा लटकतो, पावसाळ्याच्या तोंडावर नवरंग पक्षी शीळ घालत पाचोळा उकरतो. यंदाचा नवरंग सर्वांत आधी कोणाला दिसला, याची मी मनातल्या मनात स्पर्धा लावते. दरवर्षी मीच जिंकते, कारण स्पर्धेत दुसरं कोणी नसतं.

गेल्या वर्षी पावसाळा संपत आला होता, तेव्हा त्या बागेत अर्जुनाची एक फांदी मोडून पडली होती. माळी ती गाडीत टाकणार, एवढ्यात मला पानाखाली काहीतरी हललेलं दिसलं. बोटापेक्षा जाड, पोपटी रंगाची अळी, आणि तिच्या अंगावर दोन्ही बाजूंना चांदीच्या टिकल्या. पुस्तकात मी ती पाहिली होती. फांदी मागितली तेव्हा माळ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि देऊन टाकली. स्कूटीच्या पुढ्यात अर्जुनाची फांदी उभी करून मी अख्खं नागपूर ओलांडलं. सिग्नलला लोक बघत होते. बघू देत.

माय अंगणात खुर्चीवर बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, समोरचं माणूस तिला आवाजावरून कळायचं. मी सांगितलं की कोशाचा किडा आणलाय. मला वाटलं, ओरडेल. तिने एवढंच विचारलं, "जित्ता?"

अळी बदामावर चढवली. कोशाच्या किड्याला अर्जुनाची भावकी चालते आणि बदाम त्याच भावकीतला. फांदीभोवती जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधला. अळीने पानं अशी फस्त केली की मला कौतुक वाटावं की बदामाची कीव यावी ते कळेना. राखणीला माय काठी घेऊन बसू लागली. कावळा कुठे आहे ते तिला दिसत नव्हतं, त्यामुळे जे हलेल त्याच्या दिशेने ती काठी आपटायची. कपडे वाळत घालताना मी दोनदा वाचले.

नवरात्रात अळीने खाणं सोडलं. दोन पानं जवळ ओढली आणि त्यांच्या आत कोसा विणायला घेतला. मी मच्छरदाणीला नाक लावून मायला सांगत होते, की आधी डहाळीला धाग्याची कडी घातली, आता डोकं इकडून तिकडे फिरवतेय, आता आतून धूसर होत चाललंय. ती दर वाक्याला म्हणे, नीट सांग. मी आणखी नीट सांगितलं. शेवटी माझा आवाज चढला, की यापेक्षा नीट मला येत नाही.

"सांगून काय होते वं?" ती म्हणाली. "मले दिसलं पायजे. हा फुटंल तेव्हा मले दिसलं पायजे. डॉक्टरले फोन लाव."

इथे मला सांगायलाच हवं, की ऑपरेशनसाठी मी दोन वर्षं तिच्या मागे लागले होते. विनवलं, रागावले, अबोला धरला, उमरेडच्या मावशीकडून सांगवून पाहिलं. मावशीचेही डोळे तसेच, त्यामुळे दोघींनी मिळून मलाच वेड्यात काढलं. जे मला दोन वर्षांत जमलं नाही ते एका अळीने दोन पानांच्या मध्ये बसून करून दाखवलं. मला राग आला. आनंदही झाला, पण आधी राग आला.

धंतोलीच्या दवाखान्यात एका डोळ्यात भिंग बसवलं, मग काही आठवड्यांनी दुसऱ्यात. पहिली पट्टी निघाली तेव्हा तिने आधी माझ्याकडे पाहिलं, एवढं तरी तिने केलं. "केस पांढरे झाले वं तुये," म्हणाली, आणि घरी जायची घाई करू लागली. घरी आल्यावर चप्पल न काढता ती बदामाखाली गेली. कोसा लहान अंड्याएवढा, देठाने डहाळीला लटकलेला. तिने तो निरखून पाहिला आणि माल चांगला आहे, असा शेरा दिला. सवय जात नाही.

त्यानंतर काहीच घडलं नाही. थंडी पडली, संक्रांत गेली. बदामाची पानं लालभडक होऊन गळून पडली, शेजाऱ्यांची गाडी झाकली गेली, आणि उघड्या फांदीवर कोसा कावळ्यांच्या नजरेत येऊ लागला. मी डहाळीच कापून घरात आणली आणि खिडकीत टांगली. वर्षातल्या शेवटच्या पिढीचे किडे पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोशात झोपून राहतात, असं मी वाचलं होतं आणि मायला ठणकावून सांगितलंही होतं. पण वाचलेल्यावर नागपूरच्या मे महिन्यात विश्वास ठेवणं अवघड असतं. भिंती रात्रीही तापलेल्या, नळाचं पाणी चटका देणारं. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, सुरू झाला तेव्हा मायने कूलरसमोरची स्वतःची जागा सोडली आणि डहाळी तिथे लावली, थेट वाऱ्यात नाही, जरा बाजूला. वीज गेली की ओलं फडकं खिडकीला बांधायची. एवढ्या उकाड्यात माणूस टिकत नाही, किडा कसला टिकतोय, असं मी एकदा चिडून बोलले.

"मेला नाई तो," माय म्हणाली. "झोपून राह्यला."

हिवाळाभर ती कोसा अधूनमधून कानाशी धरून हळूच हलवायची. आतून जड वाटलं की जिवंत, सुकून खडखडला की संपलं, असा तिचा हिशेब. मे महिन्यात तिने हलवून पाहणं बंद केलं. का, ते मी विचारलं नाही. मलाही ऐकायचं नव्हतं.

जून संपत आला. पाऊस येऊन-जाऊन होता, हवा दमट झाली होती. दिवेलागणीला मी कणीक मळत होते आणि बाहेरच्या खोलीतून मायने हाक मारली. कोशाचं देठाकडचं टोक ओलं झालं होतं, जणू कोणी आतून जीभ लावली असावी. मी पिठाचे हात तसेच घेऊन बसले. बराच वेळ ओलं टोक नुसतंच ओलं राहिलं. मग धागे बाजूला सरले, एक केसाळ डोकं आलं, दोन पाय आले, आणि सगळं अंग ढकलत, थांबत, पुन्हा ढकलत बाहेर पडलं. चुरगळलेल्या ओल्या चिंधीसारखं काहीतरी डहाळीवर लटकलं. मग चिंधी उलगडू लागली. पंख खाली उतरत गेले, ताठ झाले, माझ्या वितीएवढे पसरले. हळदीसारखी पिवळी मादी, आणि चारही पंखांवर एकेक गोल, पारदर्शक चकती, जिच्यातून पलीकडची खिडकी दिसत होती.

माय वाकून पाहत राहिली. खूप वेळ. मग म्हणाली, "इनं बी काच बसवून घेतली वं. धंतोलीले जाऊन आली काय?"

मी हसता हसता रडले, आणि डोळे पुसताना तोंडाला कणीक लागली.

डहाळी आम्ही बाहेर बदामावर बांधली. सकाळी पाहिलं तर मादी एकटी नव्हती. विटकरी रंगाचा, जरा लहान नर तिला चिकटून बसला होता. तो आला कुठून? बेसा म्हणजे नुसतं सिमेंट, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत आले होते. इथल्याच कुठल्या तरी झाडावर, कोणाच्याही नकळत, आणखी एक कोसा उन्हाळाभर टिकला होता. माझं सिमेंटचं वाक्य मी परत घेते, आणि अशी हार मला रोज चालेल.

संध्याकाळी नर निघून गेला. मादीने डहाळीवर तपकिरी, चपटी अंडी घातली आणि अंधार पडल्यावर तीही जड उडत बदामापलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी मायने मावशीला फोन लावायला सांगितला. मी स्पीकर सुरू केला.

"कोसा फुटला," माय म्हणाली. तिने जोरात नाक ओढलं.

मावशीचा लगेच सांत्वनाचा सूर लागला. असं होते कधी कधी, एका कोशानं काय फरक पडते, तू जिवाले लावून घेऊ नोको, आपल्या बाबाचे तर टोपलीभर फुटले होते.

"रडून नाई राहिली मी," माय म्हणाली. "फुटला म्हणजे उडाला वं. माया डोळ्यांदेखत उडाला."

मग मावशीने लहान मुलीसारखं विचारलं, "कसा दिसते वं तो?"

माय माझ्याकडे बघून हसली.

"सांगून काय होते?" ती म्हणाली. "डोळे करून घे आधी. मंग ये इकडं. अंडे हायेत."