रिलीव्हर आला नाही

केमिकल प्लांटमधल्या ऑपरेटरला एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवतात. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, समोर येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. घराला आग लागली तरी नाही. रिअ‍ॅक्टरमध्ये बॅच तापत असते, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह वेळेवर उघडला नाही तर आतलं तापमान कुणाचं ऐकत नाही. मीही नव्या पोरांना हे मोठ्या तोऱ्यात शिकवायचो.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. गौरी-गणपती पोचवायचा दिवस. आमच्याकडे त्या दिवसांत रजा मिळवणं म्हणजे लढाईच; निम्मा प्लांट रिकामा. दुपारी बायकोचा फोन आला, वाडीखालच्या दुकानातून. "बाबांचा श्वास लागलाय. तुमचं नाव घेतायत. निघा."

माझी पाळी सुटायलाच आली होती. रिलीव्हर आमच्या शेजारच्याच वाडीतला, माझ्यापेक्षा लहान, कधी खाडा न करणारा. तो आला की धावत सुटायचं, असं ठरवून मी दाराकडे डोळे लावून बसलो. एसटी आली, माणसं उतरली, हा नाही. शिफ्ट इनचार्ज दोन प्लांट एकटा सांभाळत होता. त्याला सांगितलं, तर म्हणाला, "बॅच उतरू दे, मग मी बघतो." त्याचं चूक नव्हतं, हे मला कळत होतं आणि म्हणून जास्तच संताप येत होता. तो सगळा मी रिलीव्हरवर काढला. आरती, भजन, पत्ते, कुठे बसलाय मेला! तापमानाच्या काट्याकडे बघत मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. हात मात्र व्हॉल्व्हवर होता.

तापमान उतरलं, इनचार्जने पॅनल घेतलं, मी गेटवर आलो. तिथे निरोप होता, बाबांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलंय.

पोचलो तेव्हा बाबांच्या अंगावर चादर ओढलेली होती. बायको उशाशी बसली होती. बाहेर बाकावर कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक माणूस. माझा रिलीव्हर. शर्ट घामाने भिजलेला. माझ्या तोंडातून शिवीच निघाली असती.

"दादा, वाडीत कोन बाप्यामानूस नव्हता," तो म्हणाला. "सगले गणपती पोचवाया गेलेले. मी एसटीची वाट बघत व्हतो, वयनीनं हाक मारलीन. बाबांना पाठीवर घेऊन पाखाडीच्या पायऱ्या उतरलो."

मग इथून तरी का आला नाहीस, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"बाबा माजा हात सोडीनात. ह्यो शर्ट बघितलानी आनि म्हनाले, आलास काय? मी म्हटलं, व्हय बाबा, आलो."

मी खाली बसलो. तो आला असता तर मला बाबा भेटले असते. तो नसता तर बाबा घरीच, कुणाचा हात न धरता गेले असते. रागवायचं कुणावर, तेच कळेना.

"आणखी काय म्हणाले?"

"जेवलास काय, म्हनाले. मी व्हय म्हटलं."

आम्ही दोघंही सकाळपासून उपाशी होतो.