भाईच्या मशीनवरच्या काळ्या टिकल्या

शिरूरपासून दौंडपर्यंत माझ्याहून हट्टी माणूस एकच निपजला, आन् तो नेमका माझ्याच बँडात आला. तळेगाव ढमढेऱ्यात आमचा लग्नाचा बँड होता. मालक मी, आन् पुढं उभं राहून क्लॅरनेट वाजवणाराही मीच. शाळा तिसरीपर्यंतच, पण क्लॅरनेटमधलं आपल्याला कुणी शिकवू नये असा तोरा. भाई आमचा पेटीवाला. एकदा पेटीचा भाता बदलायला म्हणून पुण्याला गेला, आन् आला तो बगलेत तीन वीत लांबीचं सिंथेसायझर मारून. दुसऱ्या बँडांकडे दाराएवढे कीबोर्ड होते; बटण दाबलं की बासरी, बटण दाबलं की सतार. ह्याचं निम्म्या किमतीचं, आन् त्यात तयार आवाज एक न्हाई. नुसती फिरवायची गोल बटणं. "आवाज आपुन घडवायचा, आबा," तो म्हणाला. "पूर्वी ह्याची कपाटाएवढी मशिनी असायची. ह्याच्यात बारका कॉम्प्युटर हाय, तो त्या कपाटाची नक्कल करतो."

"म्हंजी नकलेची नक्कल!" मी म्हणालो, आन् त्या दिवसापासून मशीनकडे पाठ करूनच उभा राहू लागलो.

भाईच्या एकेक तऱ्हा. जीपमध्ये मशीन शालीत गुंडाळून मांडीवर घ्यायचा, खड्डा आला की वर उचलून धरायचा. स्वतःचं डोकं टपाला आपटलं तरी चालेल. घडवलेला आवाज मशीनमध्ये साठवायची सोय होती, पण तिच्यावर त्याचा भरवसा नव्हता. म्हणून आठवडी बाजारात बांगड्यांच्या दुकानावर जाऊन टिकल्यांची पाकिटं आणायचा, आन् बटण कुठवर फिरवायचं तिथं टिकली लावायचा. लाल टिकल्या वरातीच्या, हिरव्या हळदीच्या, पिवळ्या पाठवणीच्या. दुकानवाली विचारायची, "भाई, तुमच्यात टिकली कोण लावतं वो?" हा गंभीरपणे सांगायचा, "आमच्यात मशीन लावतं."

इकडं माझा दम कमी होत चालला होता. पण मी साऱ्या बँडासमोर बोलून बसलो होतो की ज्या दिवशी भर वरातीत माझा दम तुटेल, त्या दिवशी क्लॅरनेट पेटाऱ्यात. क्लॅरनेट गेलं तर मग मी कोण? पावत्या फाडणारा म्हातारा!

आन् दौंडला ते झालंच. भर दुपारचं ऊन, नवरदेव घोड्यावर, मारुतीचं देऊळ अजून लांब. वरचा सूर घ्यायला गेलो आन् खोकल्याची उबळ आली. क्लॅरनेट ओठापासून सुटलं. संपलो म्हटलं. पण गाडीवरच्या कर्ण्यातून क्लॅरनेट चालूच! क्षणभर मला खरंच वाटलं, इतकी वर्षं वाजवली, आता ते आपलं आपण वाजायला लागलं. मग भाईचा घसा खाकरलेला ऐकू आला. मी झटकन क्लॅरनेट तोंडाला लावलं आन् देवळापर्यंत नुसते गाल फुगवले. नवरदेवाच्या मामानं खूष होऊन मला फेटा बांधला. मी बांधून घेतला.

परत येताना न्हावरं मागं पडलं. मग पहिल्यांदा त्या मशीनकडे नीट बघितलं. प्रत्येक बटणाजवळ एक काळी टिकली.

"ह्या कशाच्या?"

"नजर लागू नये म्हणून."

"भाई, मी म्हातारा हाय, येडा न्हाई."

"तुमच्या हायेत, आबा," तो शाल सारखी करत म्हणाला. "दोन वर्सं बसवतोय. क्लॅरनेट लवकर जमलं. पण वरच्या सुरावर तुम्ही कायम जरासं खालीच ऱ्हाता, ते बसवायला लय तरास झाला."

"मी खाली ऱ्हातो?" तळेगाव येईस्तोवर मी त्याच्याशी भांडलो. फेटा मात्र काढला नाही. पुढच्या दोन लगीनसराया गाल फुगवूनच काढल्या, आन् भाईनं ही गोष्ट बायकोलाही सांगितली नाही.

आता त्याचे हात थरथरतात. मुलीकडे राहायला गेला, तेव्हा मशीन माझ्याकडं ठेवून गेला. "बघत जावा, आबा. आता पाठ करू नका." कधीमधी सगळी बटणं काळ्या टिकल्यांवर आणतो आन् एका बोटानं वरचा सूर दाबतो. थोडा खाली राहतो खरा. एक बटण केसभर फिरवलं की नीट होईल, एवढं मलाही कळायला लागलंय. पण भाईनं लावलेली टिकली तिथं आहे. मी फिरवत नाही.